पुसलेल्या नावांचे सॅक्सोफोन

आबांइतका दमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी उठल्यावर पहिला शब्द "दमलंय", जेवून हात धुताना "दमलंय", आणि गॅलरीतून जाताना कोणी नुसतं "काय आबा?" म्हटलं तरी उत्तर तेच. पण लालबागला कुणाच्या माळ्यावर जुना फ्रेंच सॅक्सोफोन पडलाय अशी नुसती कुणकुण लागली, की हाच माणूस पायात चप्पल अडकवून काळाचौकीहून चालत निघे. मागून त्यांची बायको, आमच्या काकू, ओरडत, "आता खय गेला ता दमणा?" आबा वळूनही न बघता हात हलवत आणि जिना उतरत.

चाळीत त्यांना पालिशवाले आबा म्हणत. परळच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मोटर, तिच्या दोन टोकांना कापडाची दोन चाकं आणि मागे मेणाच्या कांड्यांचा डबा. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईच्या आधी आसपासच्या बँडवाल्यांची वाद्यं तिथे चमकवायला येत. "आरशासारखं पाहिजे, आबा," एवढीच मागणी असे. चाकाखाली धरलं की काळेपणा जाई, ओरखडे जात, आणि भोंग्यावर काही कोरलेलं असेल तर तेही जाई. बँडवाले मग त्या भोंग्यात बघून भांग पाडत आणि आबांना आपल्या हाताचा अभिमान वाटे. चाकाची ती धूळ त्यांच्या छातीत साठत होती. त्यांचं दमणं बरंचसं तिथून आलेलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आम्ही त्यांच्या दमण्याला हसून घेतलं होतं.

एकदा गिरगावातल्या एका वाडीतून एक ख्रिस्ती आंटी त्यांच्याकडे आल्या. त्यांचा नवरा मिंगेल आयुष्यभर सॅक्सोफोन वाजवत आला होता, आधी हॉटेलांतल्या नाचाच्या पार्ट्यांत आणि उतारवयात लग्नाच्या बँडात. तो गेल्यावर त्याचं वाद्य फोटोशेजारी मांडून ठेवायचं आंटींनी ठरवलं आणि आधी चमकवून घ्यावं म्हणून आबांकडे दिलं. आबांनी जीव ओतून काम केलं. आंटी न्यायला आल्या, भोंग्यावरून बोटं फिरवली, परत फिरवली आणि म्हणाल्या, "नाव कुठे गेलं?"

आबांना कळेना. "कसला नाव?"

"इथं लिहिलेलं होतं. कमानीसारखी अक्षरं, खाली नाण्यांसारखे गोल. तो वाजवायच्या आधी त्याच्यावरून बोट फिरवायचा."

काय लिहिलं होतं ते मात्र आंटींना सांगता येईना. पॅरिस एवढा एक शब्द त्यांच्या लक्षात होता. त्या ओरडल्या नाहीत. वाद्य त्यांनी पुन्हा आबांच्या हातात दिलं. "नाव सापडलं की घेऊन ये. तोपर्यंत तुझ्याकडे राहू दे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. आबांनी हा प्रसंग मला कितीतरी वेळा सांगितला आणि दर वेळी ते याच जागी थांबत. "शिव्या दिल्या असत्या तर बरा झाला असता," म्हणत.

त्यानंतर त्यांनी वाद्याला चाक लावलं नाही. समया, नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या यांवर दुकान चाललं. आणि आबा त्या सॅक्सोफोनचं जुळं शोधू लागले. त्यांचा विचार साधा होता. एकाच कारखान्यात, एकाच वेळी घडलेला दुसरा एखादा मुंबईत असणारच. त्याचं नाव शाबूत असलं की ह्याचंही नाव कळलं. जुळं ओळखायचं तर फ्रेंच सॅक्सोफोन ओळखता आले पाहिजेत, आणि ते यायचे तर जवळ असले पाहिजेत. काकूंच्या खोलीत सॅक्सोफोन साठत गेले ते असे. खाटेखाली, माळ्यावर, कपाटाच्या डोक्यावर, जुन्या परकरांत गुंडाळलेले. "माझ्या डब्यांक जागा नाय आणि ह्येंचे भोंगे पसरून झोपलेत," काकू म्हणत. पण दसऱ्याला त्याच प्रत्येकाला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहत, आणि आबा मागे उभे राहून "कुंकू अक्षरावर नको, अक्षरावर नको" करत राहत.

मी या गोष्टीत आले ती फ्रेंचमुळे. आमची खोली त्यांच्या शेजारची. मी कॉलेजात फ्रेंच घेतलं, पुढे दादरला त्याचे क्लास घेऊ लागले आणि आबांनी मला "चेडवा" म्हणजे पोरीवरून बढती देऊन "टीचर" केलं. दिवसभर मुलांकडून क्रियापदं घोकून घेऊन मी घरी येऊन पर्स टेकते न टेकते तोच आबा दारात उभे. "दमलंस? मी पण दमलंय. चल, वाच." भोंगा दिव्याखाली धरून मी वाचत असे. कारागिराचं नाव, रस्त्याचं नाव, कुठल्या प्रदर्शनात मिळालेली पदकं. माझे उच्चार त्यांना पटत नसत. "लिवलेला एवढा मोठा आणि बोलतंस एवढूसाच? अर्धी अक्षरा गिळतंस," असा त्यांचा आरोप होता. फ्रेंच भाषेचा तो दोष आहे, माझा नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

पण वाचून झालं की साल काढायचं काम त्यांचं. पदकांपैकी सगळ्यांत अलीकडचं कुठलं ते धरायचं, म्हणजे वाद्य त्याच्या आधीचं नाही. कारखान्याचा पत्ता बदलला असेल तर तो बदल कधी झाला ते बघायचं. इंग्रजीत "मेड इन फ्रान्स" असेल तर तो परदेशी पाठवायला केलेला. अक्षरंच नसतील तर खालच्या सुरांची दोन मोठी झाकणं बघायची. दोन बाजूंना एकेक असेल तर म्हातारा, दोन्ही डावीकडे तर मधल्या वयाचा, दोन्ही उजवीकडे तर अलीकडचा. हा ढोबळ हिशेब, आणि तो मोडणारा एखादा हटकून निघे. मग आबा त्या वाद्याला मालवणीत असं काही बोलत की काकू रेडिओ मोठा करत.

काही वाद्यांवर कारखान्याचं नाव नसेच. फ्रान्समधले कारखाने ढीगभर सॅक्सोफोन बनवून देशोदेशीच्या दुकानदारांना पुरवत आणि दुकानदार त्यांवर आपापली नावं कोरून विकत. आपल्या मुंबईतल्या दुकानांचीही नावं अशी सापडतात. आबा अशा वाद्याला म्हणत, "आई फ्रान्सची, बारसा गिरगावात." हे सांगताना ते खूश असत. तो विनोद पुढे त्यांच्याच अंगावर येणार आहे हे तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एकदा वाचताना "एस जे दे जे" अशी चार अक्षरं आली. मी अर्थ सांगितला की पेटंट दिलेलं आहे, पण सरकारची हमी नाही. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि काकूंना पाणी घेऊन धावावं लागलं. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी तेव्हा सुरू होती. दर मीटिंगला नवा नकाशा आणि नवा वायदा. त्या दिवसापासून बिल्डरच्या माणसाने काही कबूल केलं की मागच्या खुर्चीवरून आबांचा आवाज येई, "एसजेदेजे!" लोकांना वाटे, म्हातारा खोकतोय.

गिरणगावात सापडलेल्या बहुतेक वाद्यांवर अक्षराचा मागमूसही नसे. आबा भोंगा हातात घेत, डोळे मिटून अंगठा फिरवत आणि म्हणत, "ह्यो पण माझोच." म्हणजे त्यांच्याच चाकाखालून गेलेला. कुठे तिरक्या उजेडात कोरलेली अर्धी वेल दिसे, कुठे पाठीमागच्या नंबराचा एखादा आकडा. मी त्यांची समजूत काढायला बघे. मी म्हणे, आबा, तुम्ही नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं, सगळेच करत होते. ते मान हलवत, पण ऐकत नसत. मला त्यांची फार कीव येई आणि थोडा रागही येई, कारण त्यांनी स्वतःला इतकं धारेवर धरलेलं बघताना आपल्यालाच थकायला होई.

वाजवता त्यांना अजिबात येत नसे. कुणी हसलं तर म्हणत, "इस्त्रीवाल्यान काय सगळ्यांचे कोट घालून बघूचे?" आणि चुकतही असत. एकदा भोईवाड्याहून आणलेल्या एका वाद्याला त्यांनी छातीठोकपणे खूप जुनं ठरवलं, चाळभर सांगितलं. महिन्याभराने ध्यानात आलं की बँडवाल्यांनी एकाचा भोंगा दुसऱ्याच्या अंगाला जोडलेला होता. पुढे ते वाद्य त्यांनी खाटेखाली अगदी आत सरकवलं आणि कुणी विचारलं तर विषय बदलत.

दर नाताळात आबा गिरगावला आंटींकडे जात. नाव सापडलं नाही हे सांगायला. वर्षभरात एखादं जुळतंसं वाद्य मिळालं असेल तर तेही घेऊन. त्यांचा दम वाढल्यावर मी सोबत जाऊ लागले. लाकडी जिना, मधल्या वळणावर आबांची विश्रांती, वर आंटी दारात खुर्ची टाकून बसलेल्या. "तू आला? बस. पहिला श्वास घे," त्या म्हणत. पुढे पुढे मोतीबिंदूने त्यांना धूसर दिसू लागलं, पण भोंगा मांडीवर ठेवला की बोटं बरोबर जागेवर जात. "हे नाही," त्या सांगत. मग करंज्यांसारख्या नेवऱ्या पुढे येत, आणि मिंगेलच्या गोष्टी. तो कसा उशिरा घरी येई, वाद्य आधी पुसून ठेवी आणि मग जेवायला बसे. आबा मान खाली घालून ऐकत.

आणि मग जुळं सापडलं. चाळ रिकामी करायच्या नोटिशा लागल्या होत्या. आबांच्या मुलाने डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत आईवडिलांची सोय केली होती. भोंग्यांची सोय तिथे नव्हती. त्याच सुमारास भोईवाड्यातल्या एका जुन्या बँडवाल्याच्या घरचे लोकही माळा उपसत होते. तिथे एक सॅक्सोफोन होता, काळाठिक्कर, तोंडाकडची वाकडी नळी हरवलेली. नळी नाही म्हणून तो कधी मिरवणुकीत गेला नाही आणि म्हणून कधी चाकाखालीही गेला नाही. आबांनी तो आंटींच्या वाद्याशेजारी खाटेवर ठेवला. झाकणं त्याच बाजूला, झाकणांवरचे संरक्षक पत्रे त्याच घाटाचे, अंगठा अडकवायचा आकडा तसाच वळवलेला. ओल्या फडक्याने त्यांनी भोंग्यावरची काजळी टिपून काढली, घासली नाही. "वाच गो," म्हणाले.

मी वाचलं. अक्षरं इंग्रजी होती. वर मुंबईतल्या एका कधीच्या बंद झालेल्या दुकानाचं नाव, खाली "मेड इन फ्रान्स". कमान नाही, नाण्यांसारखी पदकं नाहीत.

आबांना समजावून सांगायची गरज पडली नाही. एकाच साच्यातली ही वाद्यं किती दुकानांत गेली असतील आणि किती नावांनी विकली गेली असतील. आंटींच्या वाद्यावर त्यांतलं कुठलंही असू शकेल. अंगावरून नाव कळणार नव्हतं, आज नाही आणि कधीच नाही. ते खाटेच्या कडेवर बसून राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

मी म्हटलं, "आबा, पॅरिसच्या एखाद्या मोठ्या पेढीचं नाव सांगून टाकू या. पॅरिस तर त्यांना आठवतंच आहे. पदकं त्या पेढीलाही होती. आंटींचं वय बघा. बरं वाटेल त्यांना."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे रागावले नव्हते. "एकदा पुसलंय," ते म्हणाले, "आता वर खोटा लिवू?"

नाताळाची वाट न बघता आम्ही दोनच दिवसांनी गिरगावला गेलो. जिन्यात ते तीनदा बसले. दोन्ही वाद्यं मी उचलून नेली होती. आंटींनी नवीन भोंग्यावर बोटं फिरवली, "हे नाही," म्हणाल्या आणि पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिल्या.

"आंटी, नाव गावला नाय," आबा म्हणाले. "आणि आता गावूचा पण नाय. मी शोधूचा तेवढा शोधलंय." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, कारखान्यांचं, दुकानदारांचं. सांगताना मधेमधे श्वास पुरत नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

आंटी आपल्या वाद्याचा गुळगुळीत भोंगा चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "ज्याने बनवला त्याचं नाव नाही मिळत तर राहू दे. ज्याने वाजवला त्याचं टाक."

मी चपापले. जुन्या वाद्यावर नवीन अक्षर कोरणं म्हणजे आबांच्या लेखी महापाप. एका दुकानदाराने जुन्या सॅक्सोफोनवर खोटी वेल कोरून घेतली होती, तर आबा रस्त्यात त्याच्याकडे बघतही नसत. आता नाही म्हणतील असं मला वाटलं. पण आबांनी वाद्य उचललं आणि परकरात गुंडाळलं.

लालबागला भांड्यांच्या दुकानात नावं घालून मिळतात, लग्नाच्या भांड्यांवर घालतात तशी. तिथल्या माणसाने हातातलं विजेचं यंत्र बाजूला ठेवून वाद्य उलटसुलट करून पाहिलं. "ह्याच्यावर? बरं. काय टाकू? कोणाकडून वगैरे?"

"कोणाकडून नको. मिंगेल, एवढाच," आबा म्हणाले. "इंग्लिशमध्ये टाक, मोठ्या अक्षरांत. आणि खोल टाक. बोटाक लागूक व्हया."

"साल टाकायचं?"

आबा थबकले. मग ते म्हणाले, "ह्या वर्षाचा टाक. तेवढाच खरा माहीत असा."

यंत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. अक्षर न् अक्षर ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी वाद्य आंटींच्या मांडीवर ठेवलं. ती आबांची गिरगावची शेवटची खेप. पुढे डोंबिवलीला गेल्यावर त्यांना अंथरुणातून फारसं उठता आलं नाही आणि उन्हाळा संपता संपता ते गेले. बाकीची वाद्यं माझ्या दादरच्या क्लासात आहेत, पुस्तकांच्या कपाटांवर. मी त्यांतल्या एकालाही फडक्यापलीकडे काही लावलेलं नाही. कधी संध्याकाळी क्लास सुटला की त्यांच्याकडे बघत बसते आणि आबांची फार आठवण येते.

पण त्या दिवशी आंटींनी नावावरून सावकाश बोट नेलं. शेवटच्या अक्षराशी थांबल्या, परत पहिल्याशी आल्या. मग खालच्या आकड्यांवर बोट अडखळलं.

"हे काय?"

"साल, आंटी," आबा म्हणाले.

"कुठलं?"

"ह्याच वर्षाचा."

आंटी हसल्या. "म्हणजे नवीनच आहे की हा."

"व्हय, नवीनच," आबा म्हणाले. नेवऱ्या खाल्ल्या, पाणी प्याले, भिंतीला हात लावून उठले. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले.

"एक सांगतंय आंटी. काळो पडलो तरी चलात. पण आता ह्याका कोणाकडे पालिशीक देऊ नको."